'पाळी' आणि पंगत

मिशेला राँग यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या केनियाविषयक ग्रंथाचे नाव मराठीत आणावयाचे तर 'आता खाण्याची पाळी आमची' असे होईल. 'खाणे' या क्रियापदाचा लाचेशी असलेला संबंध मराठी वाचकास निराळा समजावून द्यावयास नको. अध्यक्ष किबाकी यांनीच भ्रष्टाचारनिवारणार्थ नेमलेले जॉन गिथोंगो, अँग्लो लीझिंग प्रकरणाचे धागे सरकारातील वरिष्ठांपर्यंत पोहोचल्यावर, २००५ साली लंडनला निघून गेले. ही हकीकत लेखिकेने विलक्षण सामर्थ्याने उभी केली आहे. (गिथोंगो प्रथम त्यांच्याच घरी आश्रयास होते; तटस्थतेची अपेक्षा त्या मानानेच करावी.)

मात्र जमातींनी पाळीपाळीने राज्य भोगावे, ही ग्रंथाची मध्यवर्ती कल्पना पुढील इतिहासास पुरत नाही. डिसेंबर २००७ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर हजाराहून अधिक माणसे मारली गेली. फेब्रुवारी २००८ मधील करारान्वये किबाकी अध्यक्ष राहिले, ओडिंगा पंतप्रधान झाले आणि मंत्र्यांची संख्या ४० वर गेली. पाळीची जागा पंगतीने घेतली. संसदेत जाब विचारणारा विरोधी पक्ष जवळजवळ उरलाच नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मका व शालेय निधी यांतील गैरव्यवहारांवरून ओडिंगांनी दोन मंत्र्यांना निलंबित केले. किबाकींनी तो आदेश त्याच दिवशी निरर्थक ठरविला. त्या दोघांपैकी एक मंत्री ओडिंगांच्याच पक्षाचा होता, दुसरा किबाकींच्या गटाचा.