तारखांची तुलना: कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर?

संशोधनाच्या तयारीला लागलेले बरेच जण वेब ॲप छान बनवतात. पण त्यात तारखांची तुलना आली की मला शंका येते. आधी माझ्याच सरावाच्या प्रोग्रामची चिरफाड करतो.

२०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देण्याची अट होती. तीच मी कोडमध्ये घेतली. समजा, नांदूरघाटला १० सप्टेंबरला रात्री दहा वाजता शेत पाण्याखाली गेलं. शेतकऱ्यानं १३ तारखेला सकाळी नऊला कळवलं. झाले ५९ तास, म्हणजे मुदतीत.

माझ्या फॉर्ममध्ये मात्र घटनेची फक्त तारीख होती. '२०२४-०९-१०' अशी नुसती तारीख दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच. तिथून मोजले तर साडेपंच्याहत्तर तास. सूचना नामंजूर!

मला वाटलं, टाइमझोनचा घोळ आहे. भारतीय वेळ लावली, तर आकडा ८१ वर गेला. दुरुस्तीनं चूक वाढली! कारण घटनेची वेळ मी विचारलीच नव्हती. नसलेल्या माहितीच्या जागी कोड मध्यरात्र भरत होता आणि मी तिलाच मोजमाप समजत होतो. ही चूक प्रोग्रामिंगची कमी, संशोधन पद्धतीची जास्त.

पावसाच्या आकड्यांचंही तसंच. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८:३० ला बदलतो. १० तारखेच्या रात्रीचा पाऊस ११ तारखेच्या नोंदीत येतो. नुसती तारीख जुळवून तक्रारींशी सांगड घातली, तर निष्कर्ष एक दिवस सरकतो.

म्हणून आधी ठरवा: तुलना दिवसांची की क्षणांची? क्षणांची असेल तर वेळ आणि +०५:३० दोन्ही साठवा, आणि गेटटाइमनं मिळणारे आकडे ताडून बघा. तिहेरी बरोबर चिन्हानं दोन डेट ऑब्जेक्ट ताडले, तर वेळ एकच असूनही उत्तर 'फॉल्स' येतं. दिवसांची असेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमानं मजकूर म्हणूनच ताडा. '१०-०९-२०२४' असा क्रम ठेवला, तर ९ ऑक्टोबर १० सप्टेंबरच्या आधी येतो.

आणि वेळ माहीतच नसेल तर? रकाना रिकामा ठेवा. तिथं मध्यरात्र भरू नका, कारण त्या रकान्यावर कुणाचा तरी दावा अवलंबून असतो.