लोकधारेचें ऋण आणि उणें

शाहीर कृष्णराव साबळे (१९२३–२०१५) यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमाची थोरवी आम्हांस मान्य आहे. वासुदेव, गोंधळ, भारूड, कोळीनृत्य, लावणी हीं गांवोगांवचीं लेणीं त्यांनीं शहरवासीयांपुढें एकत्र मांडलीं. आणि ज्या कलांकडे पाहून सुशिक्षित नाक मुरडीत, त्यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. १९९८ सालची ‘पद्मश्री’ ही त्या सेवेची पावतीच होय.

परंतु प्रशंसेनें टीकाकाराचें काम संपत नाहीं. गोंधळाचेंच उदाहरण घेऊं. तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ धाराशिवकडील कित्येक घराण्यांत आजही कुळाचार आहे. लग्नकार्यानंतर चौक मांडावा, दिवटी पेटवावी, संबळ-तुणतुण्याच्या साथीनें ठिकठिकाणच्या दैवतांस आवाहन करावें आणि मग आख्यान रंगतां रंगतां पहाट व्हावी, असा त्याचा क्रम. रंगमंचावर त्यांतलीं कांहीं मिनिटेंच उरतात. आवाहनाचा आवेश येतो, आख्यान गळतें.

१९७० नंतर ब्रिटनमधील कित्येक वाद्यवृंदांनीं १९५० च्या दशकांतील अमेरिकन ‘रॉकबिली’ संगीत जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून पुन्हां उभें केलें. तें साधलें, कारण तीन मिनिटांचें गाणें तबकडींत सबंध मावतें. गोंधळाची विद्या मात्र बापामागें झील धरूनच मिळते.

यांत शाहिरांस बोल लावणें अन्यायाचें होईल. त्यांनीं दार उघडलें. प्रेक्षक उंबरठ्यावरूनच परतले. रंगमंदिरांत टाळ्या पिटणारे आणि घरच्या कार्यांत गोंधळ्यास ‘आटोपतें घ्या’ म्हणून सांगणारे बहुधा एकच असतात. रात्रभर ऐकणारीं घरें उरलीं, तरच गोंधळ्याचा मुलगा संबळ हातीं घेईल.