थांबलेल्या चित्रांचा चित्रपट

गेल्या हिवाळ्यात येथील एका फिल्म सोसायटीच्या खेळाला आम्ही गेलो होतो. क्रिस मार्केर या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'ला जेते' हा चित्रपट होता. शेजारी कचेरीतले एक बंगाली सहकारी बसले होते. पाच-दहा मिनिटे झाली असतील, ते आमच्या कानाशी लागून म्हणाले, "यंत्र बिघडले आहे काय? चित्र हलत का नाही?" यंत्र ठीक होते. १९६२ सालच्या या अठ्ठावीस मिनिटांच्या कृतीत एक क्षण सोडल्यास चित्र हलतच नाही. एकामागून एक कृष्णधवल छायाचित्रे पडद्यावर येतात, थांबतात, एकमेकांत विरतात. वर निवेदकाचा संथ आवाज चालू असतो. बाहेर पडताना सहकारी म्हणाले, "हा फोटोंचा अल्बम झाला, सिनेमा नव्हे." त्या रात्री आम्हाला उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

सहकाऱ्यांच्या बाजूने एक वजनदार साक्षीदार आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. खुद्द मार्केर यांनी श्रेयनामावलीत आपल्या कृतीला 'फोटो-रोमान' म्हणजे छायाचित्र-कादंबरी म्हटले आहे. परंतु नाव काहीही असो, व्यवहार पाहावा. बोलपटाच्या फितीवर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे असतात आणि त्यांच्यातील फरकाने आपल्याला गतीचा भास होतो. छायाचित्र चार सेकंद पडद्यावर राहिले, तर एकच चित्र शहाण्णव वेळा डोळ्यांपुढून जाते. फिती धावतेच आहे. थांबली आहे ती जगाची हालचाल. फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची दिवसामागून दिवस चित्रे घेऊन 'अंकुराची वाढ' दाखविली, तेव्हा त्यांनी याच गुणाचा उलट उपयोग केला होता. डोळ्यांस न दिसणारी हालचाल त्यांनी थांबलेल्या चित्रांतून निर्माण केली. मार्केर डोळ्यांस दिसणारी हालचाल काढून घेतात.

का काढून घेतात, हा खरा प्रश्न. कथा अशी : तिसऱ्या महायुद्धात पॅरिस उद्ध्वस्त झाले आहे आणि उरलेली माणसे तळघरांत राहतात. एका कैद्याला भूतकाळात पाठविण्याचे प्रयोग चालू होतात. त्याचीच निवड होते, कारण बालपणी ओर्ली विमानतळाच्या सज्जावर पाहिलेल्या एका स्त्रीच्या चेहऱ्याला त्याचे मन चिकटून राहिले आहे. ज्याचे आयुष्यच एका चित्राशी खिळले आहे, त्याची कथा दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगावी? तो भूतकाळात राहावयास जात नाही, त्याला तेथे तुकड्यातुकड्यांनी सोडले जाते. प्रत्येक छायाचित्र म्हणजे त्याला मिळालेली एकेक भेट आहे.

यातील संग्रहालयाचा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला. काचेमागे पेंढा भरलेली जनावरे उभी आहेत. कोणी धावता धावता थांबलेले, कोणी मान वळवून. त्यांच्यासमोर हे दोघे हसत, बोटे दाखवीत फिरतात. चित्र हलते असते, तर जिवंत कोण आणि मेलेले कोण हे क्षणात कळले असते. येथे दोघेही तितकेच निश्चल. प्रेमिकांच्या सर्वांत सुखाच्या भेटीवर मृत्यूची सावली पडते आणि ती पाडण्यासाठी निवेदकाला एक शब्दही खर्चावा लागत नाही.

तो एक हलणारा क्षण येथे गाजलेला आहे. स्त्री निजली आहे; तिची चित्रे एकमेकांत जवळजवळ विरघळू लागतात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो आणि ती डोळे उघडते. काही सेकंदच. काही रसिक या क्षणालाच चित्रपटाचे सर्वस्व मानतात. आम्हाला ते पटत नाही. तो क्षण केवळ चमत्कृती असता, तर दुसऱ्यांदा पाहताना ओसरला असता. त्याचे बळ आधीच्या उपासात आहे. शेवटी नायक त्याच सज्जावर तिच्याकडे धावतो. धावणारा माणूस हलत्या चित्रात असता, तर तो पोचेल अशी आशा राहिली असती. येथे प्रत्येक छायाचित्रात तो धावतो आहे आणि एकाही छायाचित्रात पोचत नाही. बालपणी आपण पाहिलेला मृत्यू आपलाच होता, हे त्याला उमगते तेही अशाच थांबलेल्या चित्रात.

चित्रपट निर्दोष नाही. भविष्यकाळातील माणसांचा प्रसंग आम्हाला तकलादू वाटला; काळोखातील त्या चेहऱ्यांमागे नाटकाच्या तालमीतले पडदे जाणवतात.

हॉलिस फ्रॅम्प्टन या अमेरिकन कलावंताने १९७१ साली '(नॉस्टॅल्जिया)' या चित्रपटात छायाचित्राचा निराळाच उपयोग केला. विजेच्या शेगडीवर एकेक छायाचित्र ठेवलेले आहे. ते करपते, आक्रसते, राख होते. निवेदन मात्र समोरच्या चित्राचे नसून पुढे येणाऱ्या चित्राचे असते. म्हणजे ऐकलेले जपून ठेवावे, तोवर समोरचे जळते. चित्र समोर आले की त्याचे निवेदन आठवावे, तोवर पुढचे सुरू होते. निवेदन फ्रॅम्प्टनचे, पण आवाज त्याचा मित्र मायकेल स्नो याचा. एके ठिकाणी स्नोची क्षमा मागण्याची इच्छा स्नोच्याच तोंडून व्यक्त होते! विनोद आहेच, पण आठवण सांगणारा आणि आठवणीचा धनी एक असतोच असे नाही, हेही त्यातून कळते.

आपल्याकडील चरित्रपर अनुबोधपटांत छायाचित्रे काही थोडी नसतात. परंतु तेथे ती बहुधा पुराव्याचे कागद म्हणून येतात. थोर पुरुषाच्या तसबिरीवरून कॅमेरा मुंगीच्या पावलाने सरकतो, मागे सतार वाजते आणि आपण पुढच्या तसबिरीची वाट पाहतो. चित्र थांबले आहे याची दिग्दर्शकाला लाज वाटते, म्हणून तो त्याला हलविण्याची खटपट करतो. मार्केर यांना ती लाज वाटत नाही.

एक खासगी गोष्ट सांगावीशी वाटते. आमची आई दोन वर्षांपूर्वी गावी वारली. रजा मंजूर होऊन आम्ही पोचलो तेव्हा तेरावाही उरकला होता. धाकट्या भावाने मोबाईलवर घेतलेले तिचे एक चलत्चित्र आमच्याजवळ आहे. त्यात ती चालते, बोलते, कोणावर तरी रागावते. ते पाहताना ती आम्हाला परकी वाटते, कारण ती आमच्याशी बोलत नसते. उलट कपाटात तिचे एक जुने छायाचित्र आहे, ओट्यावर सूप घेऊन बसलेली. त्यात ती आमच्याकडे वर पाहणार, इतक्यात चित्र थांबले आहे. हा आमच्या मनाचा दुबळेपणा असेल. पण 'ला जेते'चा नायक त्या सज्जावर पुन्हा पुन्हा का जातो, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

हे सारे आम्ही परवा सहकाऱ्यांना ऐकविले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "ती बाई डोळे उघडते, ती नेमकी कोणाकडे पाहते हो? त्याच्याकडे, की आपल्याकडे?" त्यांनाही तो क्षण इतक्या दिवसांनी लक्षात होता. आम्हाला खात्रीने सांगता आले नाही. सोसायटीच्या चिटणीसांना चित्रपट पुन्हा मागविण्याविषयी पत्र घातले आहे. खाली सही दोघांची आहे.