तसबिरीतले पितर

नागपूर–इटारसी लोहमार्गावर, सातपुड्याच्या कुशीत तिगाव हे स्थानक लागते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत पांढुर्णा–सौंसरचा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि 2023 साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. घराघरांतील मराठी मात्र हलली नाही. इकडच्या घरांच्या बैठकीत समोरच्या भिंतीवर, आढ्याच्या जरा खाली, गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरी लावलेल्या असतात. गोमंतकातील आपल्या घरांतही हेच दृश्य दिसते. ह्या तसबिरींना आपण हार घालतो, नमस्कार करतो. चिकित्सक दृष्टीने त्यांच्याकडे पाहणे मात्र आपणांस काहीसे अप्रशस्त वाटते. आम्ही येथे तेच करू इच्छितो.

आपल्या श्राद्धविधीत चेहऱ्याला स्थान नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. पिता, पितामह आणि प्रपितामह ह्यांचा उच्चार नामगोत्राने होतो; वसु, रुद्र आणि आदित्य ह्या रूपांत त्यांना पाचारण केले जाते. पिंड भाताचा, आसन दर्भाचे. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावे जी घागर भरतात, तिच्यावर कोणाची मुद्रा नसते. गोव्यात म्हाळाच्या दिवशी बाहेर ठेवलेला घास कावळ्याने शिवला की मन निवते. देवघरात पूर्वजाचा टाक बसविला, तरी त्यावरील आकृती म्हणजे सोनाराने उठविलेला ठसाच. त्यावरून आजोबांचे नाक कसे होते, हे कळावयाचे नाही. शिवाय विधीतले पितर पुढे सरकत असतात. घरातील कर्ता निवर्तला की त्याचा मुलगा पिंड देऊ लागतो, आणि काल ज्याचा प्रपितामह म्हणून उच्चार होत होता, तो त्या तिघांतून निघून जातो. भिंतीवरचा माणूस असा सरकत नाही. मुलगा सत्तरीला टेकतो, आणि तसबिरीतला बाप पस्तिशीचाच राहतो!

म्हणून छायाचित्र त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले. त्यांचा देह पद्मासनात बसवून लोकांच्या दर्शनार्थ ठेवण्यात आला, आणि गिरगावच्या चौपाटीवर दहन झाले. त्या वेळचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते. फुलांच्या राशीत बसविलेला तो देह पाहताना मन चरकते, पण फसत नाही. पुरुष गेला, एवढेच ते चित्र सांगते, आणि जे दर्शनास पोहोचू शकले नाहीत त्यांच्यापाशी साक्ष देते. पुढे घरोघरी लागले ते मात्र पगडी-उपरण्यातले लोकमान्य. घराला मृत्यूची साक्ष भिंतीवर नको असते, जिवंतपणीचा चेहरा हवा असतो. हे स्वाभाविकच आहे. उलट दिशेचे उदाहरणही आमच्या शेजारीच आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (निधन 1968) मोझरीच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेसाठी मूर्ती न ठेवता केवळ अधिष्ठान ठेविले. प्रार्थनेला बसणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

आमचा खरा आक्षेप आहे तो घरगुती तसबीर ज्या रीतीने तयार होते, तिच्यावर. खेड्यात छायाचित्रकार यावयाचा तो लग्नकार्याला. पुढे कोणी वारले की त्या समूहचित्रातून त्याचे मुंडके तेवढे उचलावयाचे, मोठे करावयाचे, मागे निळे आकाश रंगवावयाचे. खांद्यावर शेजारच्या भावाची चार बोटे राहिलेली असतात. ती पुसून टाकतात. कित्येक वृद्ध स्त्रियांचे तर आयुष्यातील पहिले छायाचित्र 1993 नंतर मतदार ओळखपत्रासाठी निघाले. डोक्यावर पदर, डोळ्यांत किंचित भीती. ती वारल्यावर रंगकाम करणारा ती भीती घालवितो, गाल भरतो, सुरकुत्या मिटवितो, अंगावर जरीकाठी लुगडे चढवितो. आणि जिने जन्मभर कापूस वेचला, ती म्हातारी परक्या घरची सधन बाई होऊन भिंतीवर बसते. आता संगणकाने हेच काम क्षणात होते, आणि नातीच्या लग्नचित्रात दिवंगत आजी हसत उभी राहते. शोकाकुल मनाला त्याने घटकाभर बरे वाटत असेल, नाही कोण म्हणतो? परंतु वीस वर्षांनी ते चित्र हाती घेणाऱ्या मुलाने आजी त्या लग्नाला होती असेच समजावे काय? नामगोत्राच्या उच्चारात निदान असे असत्य नसते.

अस्सल प्रत टाकून देतात, हे त्याहून वाईट. सुधारलेली तसबीर आली की ते जुने समूहचित्र, ओळखपत्राची ती अंगठ्याएवढी प्रत, कपाटातील कागदांबरोबर रद्दीत जाते. भावाची चार बोटे त्या एका कागदावरच होती. रंगविलेली तसबीर भिंतीवर खुशाल लावावी. मूळ चित्र मात्र न कापता, कोरड्या जागी, कागदात गुंडाळून ठेवावे आणि मागच्या बाजूस हलक्या हाताने, पेन्सिलीने, चित्रातील सर्वांची नावे, गाव व साल लिहावे. ही नावे सांगणारे कोणी घरात आहे तोवर, येत्या पितृपक्षातच हे काम उरकावे.