अभिलेख-परिषदांची दृष्टी आणि वाशिमचे दप्तर

१९१९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाची अधिवेशने १९२५ साली पुण्यात व १९२८ साली नागपुरात भरली. दुर्लक्षित कागदपत्रे अभ्यासकांपुढे आणण्याचे त्यांचे कार्य निर्विवाद मोलाचे आहे. तथापि हे व्यासपीठ प्रामुख्याने इतिहाससंशोधकांचेच राहिले. दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाला तेथे फारसे स्थान मिळाले नाही.

वाशिमच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्याकडे, तर पुसद यवतमाळकडे गेले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. साहजिकच त्याच्या जुन्या कारभाराचा माग अनेक कचेऱ्यांतून काढावा लागतो. त्या कचेऱ्यांत कागदाचे भवितव्य निंदणीच्या वेळी ठरते. ‘अ’ वर्गातील कागद कायम राहतो, ‘ड’ वर्गातील वर्षभरानंतर नष्ट होतो. वर्ग चुकला की संशोधकासाठी काही उरतच नाही. (वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपट या वर्गवारीतून सुटला, हे सुदैवच!) हा निर्णय घेणाऱ्याचे प्रशिक्षण, त्याचे मोडीचे ज्ञान, हे विषय परिषदांनी गौण मानले. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यातील अशाच कचेऱ्यांना मोडीवाचक बाहेरून आणावे लागले.