सॅमचं दुःख परिशिष्टात

जादू, राक्षस, अंगठी असलं काही म्हटलं की आपली पोरं हसतात. पोट भरलेल्यांचे चाळे म्हणून पुस्तक बाजूला सारतात. टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ही कादंबरी मात्र सारू नका. हा माणूस १९१६ साली सोमच्या खंदकांत होता. शाळेपासूनचे चौघे जिवलग. त्यातला गिल्सन लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला मेला. डिसेंबरात स्मिथ गेला. हे दुःख त्याने अद्भुताच्या वाटेने बाहेर काढलं.

म्हणून इथं जखम भरत नाही. फ्रोडो अंगठी घेऊन आगीच्या डोंगरापर्यंत जातो, जग वाचतं, तो घरी येतो, आणि दरवर्षी ठराविक तारखेला जुना वार ठणकतो. काळ हेच औषध, असली मलमपट्टी लेखक करीत नाही. इथं तो मोठा.

आता सॅम. माळ्याचा पोरगा, फ्रोडोच्या बागेतला गडी. त्याला अक्षरं शिकवली फ्रोडोच्या आधीच्या धन्याने, बिल्बोने. सॅमचा बाप गुत्त्यात बसून म्हणतो, यातून काही वाईट होऊ नये म्हणजे झालं. अक्षराला भिणारा बाप! टॉल्किनला तो गमतीचा वाटतो. आपल्याला हसू येत नाही.

डोंगर चढताना फ्रोडो कोसळतो तेव्हा सॅम त्याला पाठीवर घेतो. दोस्तासाठी जीव टाकणं ते हेच. पण पाठीवरचा दोस्त मालक आहे. 'मालक' हा शब्द सॅमच्या तोंडून निरोपाच्या वाटेवरसुद्धा सुटत नाही. फ्रोडोसाठी तो नुसता सॅम. टॉल्किननेच सांगितलंय, १९१४ च्या युद्धात पाहिलेले साधे शिपाई आणि अधिकाऱ्यांचे अर्दली यांच्यावरून सॅम घडला. म्हंजे दोस्ती साहेब आणि अर्दलीची. तिला खोटी म्हणवत नाही, पुरी तर मुळीच म्हणवत नाही.

कोणी म्हणेल, फ्रोडो घरदार सॅमला देतो, सॅम सात वेळा नगराध्यक्ष होतो. खरंय. त्याहून मोठं म्हंजे फ्रोडो आपली वही त्याच्या हवाली करतो, शेवटची पानं कोरी ठेवून. अक्षराला भिणाऱ्या बापाच्या पोराच्या हातात लेखणी येते. इथं टॉल्किन स्वतःच्याही पुढं गेलाय.

पण दुःखाचं काय? फ्रोडोच्या जखमेला तारखा आहेत, पश्चिमेला नेणारं गलबत आहे. दोस्त मेला असं समजून सॅमने एका रात्री तीच अंगठी गळ्यात घातली होती. ती रात्र पुढं त्याला ठणकली का? कादंबरी विचारीत नाही, त्याला बायकोपोरांत धाडून देते. त्याचंही गलबत येतं, पण ६१ वर्षांनी, बायको वारल्यावर. आणि कुठं? परिशिष्टातल्या सनावळीत, एका नोंदीत, तेही घराण्यात तसं सांगतात म्हणून!

टॉल्किनने सॅमच्या घरातला एक उपसंहार लिहिला होता. लोकांच्या सल्ल्यावरून गाळला. तो छापून आला १९९२ साली, लेखक मेल्यावर १९ वर्षांनी. त्यात सॅम रात्री दार लावून घेतो, आणि त्याला समुद्राचा आवाज येतो.