चाहत्याचे गद्य : रसविघ्नाकडून साक्षीकडे

१

कलेच्या किंवा खेळाच्या ओढीने बांधल्या गेलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गाण्याच्या संदर्भात आपण 'रसिक', 'दर्दी', 'कानसेन' असे म्हणतो. खेळाच्या संदर्भात 'क्रिकेटवेडा' किंवा 'पाठीराखा' म्हणतो. 'चाहता' हा शब्द मात्र नट, गायक आणि खेळाडू या तिघांच्याही बाबतीत चालतो. या शब्दांमधली उतरंड लक्षात घेण्याजोगी आहे. रसिकाला अभिरुची असते, दर्दी माणसाला जाण असते; वेड्याजवळ मात्र वेडाखेरीज काही नसते असे आपण गृहीत धरतो. म्हणूनच रसिक हा साहित्यविचाराच्या उंबरठ्याच्या आत उभा आहे आणि चाहता बाहेर.

असे असले तरी गेल्या सहा-सात दशकांत या उंबरठ्याबाहेरच्या माणसाने अनेक भाषांत विपुल गद्य लिहिले आहे. लोकप्रिय संगीत, चित्रपट आणि आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा यांविषयीच्या वैयक्तिक उत्कटतेतून जन्मलेले हे लेखन आत्मचरित्र, ललित निबंध आणि वृत्तपत्रीय स्तंभ यांच्या सीमेवर वावरते. मराठी समीक्षेने त्याची बोळवण बहुधा 'हलकेफुलके', 'खुसखुशीत' अशा विशेषणांनी केली. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराला 'चाहत्याचे गद्य' असे नाव देऊन इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी या तीन भाषांतील काही लेखकांच्या आधारे त्याचा तुलनात्मक विचार केला आहे. भारतीय काव्यशास्त्राने आस्वादातला अडथळा मानलेली गोष्टच या गद्याचे उपादान बनते, आणि त्यामुळे त्याचे मूल्य आस्वादापेक्षा साक्षीत शोधावे लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या मार्गातली सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, अनुभव हा 'माझा' किंवा 'त्याचा' आहे अशा जाणिवेने विशिष्ट देशकालात अडकून पडणे. दुसरे, निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने व्यापले जाणे. नाट्यगृहात आलेला प्रेक्षक आपले घरगुती सुखदुःख दाराबाहेर ठेवू शकला नाही तर साधारणीकरण घडत नाही, आणि त्यावाचून रस नाही.

सामना पाहणारा पाठीराखा या दोन्ही विघ्नांची मूर्तीच असतो. 'आपला' संघ जिंकावा ही इच्छा त्याने दाराबाहेर ठेवली तर तो पाठीराखाच उरत नाही. शिवाय नाटकाला नाटककार असतो, सामन्याला नसतो. रामकथेचा शेवट ठाऊक असूनही आपण ती पुन्हा पाहतो. सामना मात्र शेवट अज्ञात असेपर्यंतच सामना असतो. चित्रपटगीताची स्थिती याहून वेगळी आहे. ते पूर्ण झालेले असते आणि हवे तेव्हा पुन्हा ऐकता येते. तरीही गीताचा चाहता ते साधारणीकृत रूपात ऐकत नाही. ते कोणत्या वर्षी, कोणत्या घरात, कोणासोबत ऐकले याच्या गुंत्यासह ऐकतो. सामना आणि गीत यांचे स्वरूप भिन्न असले तरी चाहत्याचे विघ्न एकच आहे.

३

निक हॉर्नबी या इंग्रज लेखकाचे 'फीव्हर पिच' (१९९२) हे पुस्तक या विघ्नाला लपवत नाही, उलट त्याचीच रचना करते. प्रकरणांची शीर्षके म्हणजे सामने आणि त्यांच्या तारखा. सप्टेंबर १९६८मध्ये अकरा वर्षांचा हॉर्नबी वडिलांबरोबर हायबरी मैदानावर आर्सेनल आणि स्टोक सिटी यांचा सामना पाहायला जातो. आईवडील विभक्त झालेले आहेत. शनिवारच्या भेटीत बापलेकांना काय बोलावे हे सुचत नाही. फुटबॉल त्यांना ते न बोलण्याची सोय करून देतो. पुढच्या आयुष्यातील शिक्षण, प्रेम, नैराश्य या सगळ्यांची कालगणना आर्सेनलच्या हंगामांनी होते.

याच लेखकाच्या 'हाय फिडेलिटी' (१९९५) या कादंबरीचा नायक ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवतो. आपला संग्रह तो वर्णानुक्रमे न लावता ज्या क्रमाने विकत घेतला त्या क्रमाने लावतो. एका पुस्तकात सामन्यांची यादी आणि दुसऱ्यात तबकड्यांची. दोन्ही ठिकाणी आवडीची सूची हेच आत्मचरित्र ठरते. हॉर्नबी या वेडाचे समर्थन मात्र करत नाही. १९८५मध्ये ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर ३९ माणसे मेली, तेव्हा त्या हुल्लडीमागची वागणूक इंग्लंडच्या मैदानांवर आपण नेहमीच पाहत आलो होतो हे त्याला कबूल करावे लागते. १९८९मध्ये हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीने पुढे ९७ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २६ मे रोजी, आर्सेनलने शेवटच्या क्षणी विजेतेपद पटकावले. शोक आणि हर्ष यांची ही लगोलग झालेली भेट तो समेट न घडवता मांडतो. रसिकाने येथे औचित्याचा प्रश्न विचारला असता. चाहता मात्र एवढेच सांगतो की, मी दोन्ही अनुभवले.

४

उरुग्वेच्या एदुआर्दो गालेआनोने (१९४०–२०१५) उलट दिशेचा प्रवास केला. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या फुटबॉलविषयक पुस्तकाच्या नावात ऊन आणि सावली शेजारी-शेजारी आहेत. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २–१ असे हरवले तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता. रेडिओला कान लावून बसलेल्या त्या मुलाने विजयासाठी देवाला नवस बोलले होते. प्रौढ गालेआनोला मात्र त्या विजयाहून अधिक भावतो तो कर्णधार ओब्दुलिओ व्हारेला: सामन्यानंतरची रात्र रिओच्या मद्यालयांत पराभूत ब्राझीलवासीयांच्या सोबतीने घालवणारा. आपला संघ कोणता यापेक्षा खेळ सुंदर आहे का, हे त्याला महत्त्वाचे वाटू लागते, आणि तो स्वतःला चांगल्या खेळाची भीक मागत हिंडणारा याचक म्हणवून घेतो.

अभिनवगुप्ताच्या परिभाषेत सांगायचे तर येथे पाठीराख्याचा रसिक झाला आहे. देशकालाचे विघ्न ओलांडले गेले आहे. पण ते ओलांडताना गालेआनो देशकाल विसरत नाही. खेळाला जनतेची अफू मानणाऱ्या विचारवंतांशी तो भांडतो आणि त्याच खेळाला विक्रीचा माल बनवणाऱ्या सत्तेशीही भांडतो. त्याची भिक्षा निष्पाप नाही. मागितलेले सौंदर्य दिवसेंदिवस दुर्मीळ का होत आहे याची तक्रार तिच्यात आहे.

५

त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्सचे 'बियाँड अ बाउंडरी' (१९६३) हे या परंपरेतले सर्वांत गुंतागुंतीचे पुस्तक होय. टुनापुना येथील घराच्या खिडकीतून खुर्चीवर उभे राहून क्रिकेट पाहणारा मुलगा आणि थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' पुनःपुन्हा वाचणारा मुलगा एकच आहे. तरुणपणी कोणत्या क्लबकडून खेळायचे हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. 'शॅनन' हा काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा संघ. 'मेपल' हा उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा. जेम्स 'मेपल' निवडतो, आणि या निवडीमुळे आपली राजकीय जाण कित्येक वर्षे मागे पडली असे पुढे कबूल करतो. हैतीच्या क्रांतीचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क्सवाद्याला वर्ण आणि वर्ग यांची पहिली परीक्षा क्रिकेटच्या मैदानावर द्यावी लागली होती.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला. १९५०च्या सुमारास तिथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पैसे घेऊन सामन्यांचे निकाल फिरवल्याचे उघड झाले. जेम्सला धक्का बसला, पण त्याच्या तरुण सहकाऱ्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. आपल्या नीतिकल्पनेची घडण इंग्रजी शाळेतल्या क्रिकेटने केली आहे, म्हणजेच ज्या साम्राज्याविरुद्ध आपण उभे आहोत त्याच्याच एका संस्थेने केली आहे, हे त्याला तेव्हा उमगले. तरीही तो ती आवड टाकून देत नाही. वेस्ट इंडीजच्या संघाचे नेतृत्व फ्रँक वॉरेलकडे यावे म्हणून 'द नेशन'च्या संपादकपदावरून तो मोहीम चालवतो, आणि १९६०–६१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात वॉरेल कर्णधार असतो. येथे आवड हीच इतिहासात हस्तक्षेप करते. हॉर्नबीचे विघ्न आत्मकथा बनले, गालेआनोचे विरघळून सौंदर्यदृष्टी झाले. जेम्सचे विघ्न आत्मपरीक्षण आणि कृती या दोन्हींना जन्म देते.

६

मराठीतील या गद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात चित्रपटसंगीत आणि क्रिकेट पुष्कळदा एकाच लेखकाच्या घरी नांदतात. शिरीष कणेकर (१९४३–२०२३) यांचे 'गाये चला जा' हिंदी चित्रपटसंगीताविषयी आहे, 'यादों की बारात' चित्रपटसृष्टीतील माणसांविषयी, आणि 'क्रिकेटवेध' नावाप्रमाणे क्रिकेटविषयी. २०२५मध्ये निवर्तलेले द्वारकानाथ संझगिरी मुंबई महानगरपालिकेत अभियंता होते. क्रिकेटच्या विश्वचषक स्पर्धा आणि जुनी हिंदी गाणी या दोन्ही विषयांवर त्यांनी सारख्याच असोशीने लिहिले. फलंदाजीला गाण्याची, गायकीची, नटनट्यांची उपमा देणे हा त्यांच्या शैलीचा स्वभाव होता. याउलट, वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडापत्रकाराची भूमिका चाहत्याची नव्हती, परीक्षकाची होती. त्यामुळे ते या लेखाच्या कक्षेबाहेर राहतात.

हे दोन छंद जोडीने का आले? त्याचे एक भौतिक कारण रेडिओ हे आहे. १९५२मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७मध्ये विविध भारतीने गीतांना घरी परत आणले, आणि पुढे त्याच विविध भारतीवरून विजय मर्चंट क्रिकेटविषयी बोलू लागले. मध्यमवर्गीय मराठी घरातल्या एका लाकडी पेटीतून लता मंगेशकरांचा स्वर येत होता आणि कसोटीचे समालोचनही. दोन्ही अदृश्य, दोन्ही दूरचे, दोन्ही कानांनी पाहायचे. उपमेला लागणारे साधर्म्य या माध्यमानेच पुरवले होते.

रूपाच्या दृष्टीनेही हे लेखन वेगळे आहे. हॉर्नबी एकटा कबुली देतो; कणेकर कट्ट्यावर बोलतात. त्यांच्या लेखनाला समोर बसलेला, टाळी देणारा श्रोता हवा असतो. 'माझी फिल्लमबाजी' हा त्यांचा एकपात्री प्रयोग या लेखनाचा स्वाभाविक विस्तार होता. अतिशयोक्ती, कोटी, स्वतःची टिंगल, आणि मग अकस्मात हळवे होणे ही त्यांची चाल मैफलीची आहे. मैफलीत सामनाही गाण्यासारखा पुन्हा 'म्हणता' येतो. निकाल ठाऊक असलेला डाव शंभराव्यांदा रंगतो. एकदाच घडणाऱ्या सामन्याला पुनरावृत्तीचे सुख मिळवून देणे ही मराठी चाहत्याच्या गद्याची खरी कामगिरी म्हणता येईल. तिची किंमतही आहे. मैफलीत कबुलीजबाब देता येत नाही. हळवेपणा विनोदाने झाकला जातो, आणि 'मेपल की शॅनन' हा प्रश्न, म्हणजे या कट्ट्यावर कोण बसू शकत होते आणि कोण नाही हा प्रश्न, सहसा उपस्थितच होत नाही.

७

साक्षीचे मूल्य मानायचे तर तिची उलटतपासणीही करावी लागते. येथे एक व्यक्तिगत दाखला देतो. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देवने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला, तो आपण त्या रात्री पाहिला असे मी अनेक वर्षे सांगत आलो. वस्तुतः आमच्या घरी तेव्हा दूरदर्शन संच नव्हता, रेडिओ होता. झेलाचे दृश्य पुढे कधीतरी पाहिलेल्या चित्रफितीतून येऊन त्या रात्रीत शिरले आहे. माझी साक्ष झेलाविषयी खोटी आहे. रेडिओविषयी, त्याच्या भोवती बसलेल्या पुरुषांविषयी आणि आतल्या खोलीत चहा टाकता टाकता भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या आईविषयी ती खरी आहे. भारताच्या १८३ धावा तिलाही पाठ होत्या. तिला कोणी चाहती म्हटले नाही, आणि मीही आजवर तिचा उल्लेख केला नव्हता.

हे मौन केवळ माझे नाही. मराठीतील या गद्याचा गृहीत श्रोता बहुतांशी पुरुष आहे. लताबाईंच्या स्वरावर जीव ओवाळून टाकणाऱ्या या लेखनात ऐकणारी स्त्री मात्र क्वचितच भेटते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्रीची साक्ष कोण, कोणत्या रूपात लिहील, यावर या लेखनप्रकाराचे मराठीतले पुढचे वळण पुष्कळसे अवलंबून राहील.

निष्कर्षादाखल इतकेच म्हणता येईल की, चाहत्याच्या गद्याला रसिकतेच्या निकषावर मोजणे म्हणजे साक्षीदाराला न्यायाधीश नाही म्हणून दोष देणे होय. त्याची दृष्टी पक्षपाती असते; पण पक्षपातामुळेच तो अशा जागी उभा असतो जिथून काळाचा एक तुकडा दिसतो: वडिलांशी न बोललेले शब्द, पराभूतांसोबत घालवलेली रात्र, चुकीचा निवडलेला क्लब, भिंतीपलीकडचा कान. कणेकर आणि संझगिरी यांच्या जाण्याने मराठीतील एक पिढी संपली आहे. तिचे लेखन वृत्तपत्रांच्या जुन्या फायलींत आणि संग्रहांत विखुरलेले आहे. ते अभ्यासकक्षात आणताना त्याला उंची बहाल करण्याची घाई करू नये. त्याला प्रश्न विचारावेत. साक्षीदाराचा सन्मान करण्याचा तोच मार्ग आहे.